समुद्राचे प्रारूप आणि त्यावरच्या हरकती

पुण्याच्या बुधवार पेठेपासून अलिबागचा किनारा सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटरवर आहे. हवामानबदलाने समुद्राचे आणि त्यातल्या जिवांचे काय होईल याचा हिशोब मांडणारी जागतिक प्रारूपे पृथ्वीचे चौकोन पाडतात, आणि अशा एका चौकोनाची बाजू बहुधा एवढीच असते: एक अंश, म्हणजे ढोबळमानाने ११० किलोमीटर. समुद्राच्या चौकोनात प्रत्येक थराला पाण्याचे एकच तापमान, एकच क्षारता आणि नायट्रेटचा एकच आकडा मिळतो. वरच्या हवेचे चौकोन याहूनही मोठे, २०० किलोमीटरच्या आसपास. तुळशीबागेतली गल्ली, सिंहगड, ताम्हिणीचा पाऊस आणि अलिबागचे वारे या सगळ्यांना मिळून हवेचा एक चौकोन पुरतो. शाळेच्या पुस्तकातला महाराष्ट्राचा ७२० किलोमीटरचा किनारा डहाणूपासून रेडीपर्यंत मोजला तर समुद्राच्या चार-पाच चौकोनांत संपतो. सातपाटीचा चिखल आणि मालवणचे खडक त्यात वेगळे उरत नाहीत.

असे प्रारूप भारतात ज्या संस्थेत तयार झाले ती बुधवार पेठेपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला, पाषाणला आहे. भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था, म्हणजे आयआयटीएम, १७ नोव्हेंबर १९६२ रोजी सुरू झाली. पुण्यातले हवामानाचे काम त्याहून जुने आहे. १९२८ मध्ये हवामान खात्याचे कार्यालय शिमल्याहून पुण्याला आले, आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. मान्सूनचा अभ्यास करायचा तर समुद्राला टाळता येत नाही, त्यामुळे घाटमाथ्यामागच्या या शहरात अरबी समुद्राचा हिशोब मांडला जाणे ओघानेच आले. संस्थेने विकसित केलेले पृथ्वी-प्रणाली प्रारूप, आयआयटीएम-ईएसएम, हे या प्रकारचे पहिले भारतीय प्रारूप आहे. जगभरच्या प्रारूपांच्या तुलनेसाठी चालणाऱ्या सीएमआयपी या उपक्रमाच्या सहाव्या फेरीत ते सामील झाले. त्याच्या समुद्राच्या भागात केवळ पाणी हलत नाही. ‘टोपाझ’ नावाचा जीव-रसायनाचा भाग त्यात जोडलेला आहे. प्रत्येक चौकोनात, प्रत्येक थरात तो नायट्रेट, फॉस्फेट, लोह, प्राणवायू आणि सूक्ष्म वनस्पती यांसारख्या सुमारे ३० राशींचा जमाखर्च ठेवतो.

मॉडेल या शब्दाला मराठीत प्रारूप असा प्रतिशब्द रुळला आहे. योगायोगाने तो महापालिकेच्या कारभारातही रोज वापरला जातो. प्रारूप विकास आराखडा किंवा प्रारूप मतदारयादी म्हणजे हरकती आणि सूचना मागवण्यासाठी प्रसिद्ध केलेला मसुदा. विज्ञानातल्या प्रारूपाचा अर्थही नेमका हाच धरला तर बरेच गैरसमज टळतील. ‘२१०० साली मासे इतके टक्के कमी होणार’ अशी बातमी छापून येते तेव्हा मसुद्याला अंतिम आदेशाचा शिक्का बसलेला असतो. प्रत्यक्षात तो जर-तरचा हिशोब असतो: जर उत्सर्जन असे राहिले, जर प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांची, वाढ या समीकरणाने होत असेल, जर मासेमारी आहे तशीच राहिली, तर. या प्रत्येक ‘जर’वर हरकत घेता येते. अरबी समुद्राच्या बाबतीत सर्वांत वजनदार हरकती प्रारूपाच्या भौतिक भागावर फारशा येत नाहीत, त्या जिवंत भागावर येतात.

भौतिक भागाला पाया आहे. पाणी तापले की हलके होते, खारट झाले की जड होते, वारा त्याला ढकलतो, पृथ्वीचे फिरणे त्याला वळवते. ही समीकरणे न्यूटनच्या गतिनियमांतून येतात आणि ती कोणत्याही समुद्राला लागू पडतात. प्लवकांसाठी असा नियम कोणी दिलेला नाही. १९७२ मध्ये रिचर्ड एपली यांनी प्रयोगशाळेतल्या अनेक जातींच्या वाढीचे आकडे एकत्र केले आणि तापमान १० अंशांनी वाढले की वाढीचा कमाल वेग सुमारे १.८८ पट होतो असा संबंध काढला. पन्नास वर्षांनंतरही अनेक प्रारूपांत हाच आकडा किंवा त्याचा भाऊबंद बसलेला आहे. प्राणीप्लवक किती वेगाने वनस्पतीप्लवक खातात, मेलेले किती खोल बुडतात, बुडताना किती कुजतात, यांसाठीही असेच गुणांक लागतात. त्यांतले थोडे मोजलेले असतात, थोडे अंदाजाचे, आणि थोडे उत्तर वास्तवाशी जुळेपर्यंत फिरवलेले. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या शालेय पुस्तकांतली अन्नसाखळी तीन बाणांत संपते: शेवाळ, कीटक, लहान मासा, मोठा मासा. प्रारूपाची अन्नसाखळी त्याहून फार लांब नसते. फरक इतकाच की प्रत्येक बाणावर एक आकडा लिहिलेला असतो, आणि तो आकडा कुठून आला हे विचारणे हाच अभ्यासाचा गाभा आहे.

या गणिताचा उगम प्रयोगशाळेत झालेला नाही, तो मासळी बाजारात झाला आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात एड्रिअॅटिक समुद्रातली मासेमारी जवळपास थंडावली. इटालियन जीवशास्त्रज्ञ उंबेर्तो डी’अँकोना यांनी त्रिएस्ते, फ्यूमे आणि व्हेनिस इथल्या बाजारांतले आकडे तपासले. त्यांना दिसले की युद्धाच्या वर्षांत बाजारात आलेल्या मासळीत मुशीसारख्या शिकारी माशांचा वाटा वाढला होता. फ्यूमेच्या बाजारात तो १९१४ मध्ये सुमारे १२ टक्के होता, १९१८ मध्ये ३६ टक्के. मासेमारी कमी झाली तर खाल्ले जाणारे मासे वाढायला हवेत, मग खाणारेच का वाढले? डी’अँकोनांनी हा प्रश्न आपले सासरे, गणितज्ञ व्हीटो व्होल्टेरा यांच्यापुढे ठेवला. १९२६ मध्ये व्होल्टेरांनी शिकारी आणि शिकार यांची जोडसमीकरणे मांडली. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका त्याच समीकरणांपर्यंत स्वतंत्रपणे पोहोचले होते. आज महासंगणकावर धावणाऱ्या सागरी परिसंस्थांच्या प्रारूपांत त्या समीकरणांचा वंश चालू आहे. बाजारातल्या कोणा कारकुनाने टोपल्यांची नोंद जातवार ठेवली नसती, तर व्होल्टेरांपुढे प्रश्नच आला नसता.

अरबी समुद्र हा अशा प्रारूपांसाठी कठीण पेपर आहे. बहुतेक उष्णदेशीय समुद्र वर्षभर निळे आणि नापीक असतात. अरबी समुद्राला वर्षातून दोनदा पीक येते. जूनपासून नैर्ऋत्य मान्सूनचा झोत सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतो, वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो, आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड, पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालगतही हेच घडते, पण कमी जोराने. दुसरे पीक हिवाळ्यात, उत्तरेकडे. उत्तरेकडून येणारे कोरडे, गार वारे पाण्याची वाफ करतात. वरचे पाणी थंड, खारट आणि जड होऊन खाली बसते, आणि त्या घुसळणीत खालचे नायट्रेट उजेडात येते. ही हिवाळी यंत्रणा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडली. दोन्ही पिकांचे मर्म एकच आहे: वरचे पाणी आणि खालचे पाणी यांची गाठ पडली पाहिजे. समुद्र तापला की ही गाठ अवघड होते. वर गरम, हलके पाणी झाकणासारखे बसते आणि खालचे खत खालीच राहते.

समुद्र तापला आहे यात वाद नाही. आयआयटीएममधल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले की १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराचे उन्हाळी तापमान सुमारे १.२ अंशाने वाढले आणि तापण्याचा हा वेग इतर कोणत्याही उष्णदेशीय समुद्रापेक्षा जास्त होता. प्रश्न होता तो पिकाचा. त्यावर दोन उत्तरे आली, आणि ती एकमेकांच्या नेमकी उलट होती.

२००५ मध्ये जोआकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिले की अरबी समुद्र अधिक सुपीक होत आहे. १९९७ नंतरच्या सात वर्षांच्या उपग्रह-नोंदींत पश्चिम अरबी समुद्रातले उन्हाळी वनस्पतीप्लवक तीनशे टक्क्यांहून अधिक वाढलेले दिसत होते. कारणही पटण्यासारखे होते: हिमालय आणि युरेशियातला बर्फ कमी झाला, जमीन जास्त तापू लागली, जमीन-समुद्रातला तापमानाचा फरक वाढला, मान्सूनचे वारे जोरात वाहू लागले, खालचे पाणी अधिक वर आले. दोनच वर्षांत अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या सत्य प्रकाश आणि आर. रमेश यांनी, अरबी समुद्र खरोखर अधिक सुपीक होतो आहे का, असा प्रश्न उघडपणे विचारला. मग २०१६ मध्ये रॉक्सी कोल, अदिती मोदी आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. गोव्याचे एस. प्रसन्नकुमारही त्यात होते. उपग्रहाच्या नोंदींना त्यांनी पृथ्वी-प्रणाली प्रारूपांच्या गेल्या सहा दशकांच्या हिशोबाची जोड दिली आणि निष्कर्ष काढला की पश्चिम हिंदी महासागरातले वनस्पतीप्लवक २० टक्क्यांपर्यंत घटले आहेत. कारण तेच झाकण: तापलेल्या वरच्या थरामुळे पोषकद्रव्ये वर येईनाशी झाली.

दोन्ही गट प्रामाणिक होते आणि दोघांपाशी आकडे होते. एकाने वाऱ्याचा हात धरला, दुसऱ्याने पाण्याच्या थरांचा. मग चूक कोणाची? सात वर्षांच्या नोंदीवरून शतकाची दिशा ठरवणे धाडसाचे होते, एवढे आज म्हणता येते. स्टेफनी हेन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हिशोब केला की समुद्राच्या हरितद्रव्यातला हवामानबदलाचा कल नैसर्गिक चढउतारांतून वेगळा ओळखायला साधारण ४० वर्षांची सलग नोंद लागते. एक अल निनो, एक हिंदी महासागरी द्विध्रुव, दोन कमजोर मान्सून एवढ्या भांडवलावर सात वर्षांचा आलेख कोणत्याही दिशेला वळू शकतो. २०१६ चा निबंध अधिक भक्कम आहे, कारण त्याने नोंदीची लांबी प्रारूपाने वाढवली. पण हरकतीची जागाही तीच आहे: १९९७ आधीच्या दशकांबद्दल तो जे सांगतो ते मुख्यतः प्रारूपाचे म्हणणे आहे, आणि त्या प्रारूपाचे प्लवक एपलींच्या आकड्यावर आणि त्याच्या भाऊबंदांवर वाढलेले आहेत.

उपग्रहाच्या नोंदीलाही एक भोक आहे, आणि ते नेमके नको तिथे आहे. समुद्राचा रंग पाहून हरितद्रव्य मोजणारा उपग्रह ढगांतून पाहू शकत नाही. अरबी समुद्राचे मोठे पीक जून ते सप्टेंबरमध्ये येते, आणि तेव्हाच समुद्रावर ढगांचे छप्पर असते. वर्षभराचा हिशोब ठेवणारा दुकानदार दिवाळीच्या आठवड्यात वही बंद ठेवतो, तसला हा प्रकार. शिवाय उपग्रहाला फक्त वरचे काही मीटर दिसतात. खालच्या थरात, जिथे नायट्रेट आणि अंधुक उजेड एकत्र येतात तिथे दाट प्लवक असले तरी ते दिसत नाहीत. जहाजे मान्सूनमध्ये क्वचितच जातात. भारताचे ‘सागर कन्या’ हे संशोधनजहाज १९८३ पासून चालते आहे, पण एका जहाजाचा दौरा म्हणजे अरबी समुद्रावर ओढलेली एक रेघ.

आता त्या जीवाकडे यावे ज्याने प्रारूपाचे रकानेच मोडले. ‘नॉक्टिल्युका सिंटिलान्स’ हा एकपेशीय जीव सुईच्या टोकाएवढा, म्हणजे साध्या डोळ्याला जेमतेम दिसेल इतका असतो. अलीकडच्या काही हिवाळ्यांत मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यांवर रात्री लाटा निळ्या चमकतात आणि लोक मोबाइल घेऊन पाहायला जातात, त्या चमकण्यामागे बहुधा हाच असतो. उत्तर अरबी समुद्रातला त्याचा हिरवा प्रकार विलक्षण आहे. त्याच्या पोटात ‘पेडिनोमोनास’ जातीचे हिरवे शैवाल हजारोंनी जिवंत राहते आणि उजेडात अन्न तयार करून यजमानाला देते. यजमान मात्र एवढ्यावर थांबत नाही; समोर आलेले डायटम नावाचे वनस्पतीप्लवक, अंडी, बारीक प्राणीही तो गिळतो. म्हणजे तो शेतीही करतो आणि शिकारही. प्रारूपात वनस्पतीप्लवकांचा एक रकाना असतो आणि प्राणीप्लवकांचा एक. नॉक्टिल्युकाला कोणत्या रकान्यात टाकायचे?

प्रश्न पुस्तकी वाटला तरी त्याचा परिणाम ताटापर्यंत जातो. हिवाळी पिकात पूर्वी डायटम मुख्य असत. डायटमांना कोपेपॉड हे बारीक प्राणीप्लवक खातात, कोपेपॉडांना लहान मासे, आणि लहान माशांना सुरमई. नॉक्टिल्युकाला कोपेपॉड फारसे तोंड लावत नाहीत. त्याच्यावर जगतात सॅल्प आणि जेलीफिशसारखे पाणचट जीव, आणि त्यांच्यापासून पुढे सुरमईपर्यंत फारसे काही पोहोचत नाही. म्हणजे उपग्रहाला समुद्र हिरवागार दिसेल, प्रारूप पीक चांगले म्हणेल, आणि जाळे रिकामे येईल. २०१४ मध्ये हेल्गा गोम्स आणि सहकाऱ्यांनी या उद्रेकांचे कारण मांडले: समुद्राच्या वरच्या थरांत कमी प्राणवायूचे पाणी पसरत आहे आणि तशा पाण्यात नॉक्टिल्युकाच्या पोटातले शैवाल डायटमपेक्षा चांगले काम करते. चार वर्षांनी, २०१८ मध्ये, हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रातले, म्हणजे इन्कॉइसमधले, अनीश लोटलीकर आणि सहकारी यांनी ईशान्य अरबी समुद्रातल्या उद्रेकांची तपासणी करून लिहिले की तिथे प्राणवायूचा तुटवडा नव्हता. वाद अजून मिटलेला नाही. जे कारण अजून ठरलेले नाही ते प्रारूपात समीकरण म्हणून घालणे म्हणजे वादातल्या एका बाजूला न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवणे. बहुतेक जागतिक प्रारूपे यातून सोपी वाट काढतात आणि नॉक्टिल्युकाला बाहेरच ठेवतात. हा तटस्थपणा म्हणता येत नाही. वगळणे हेही एक गृहीतकच असते.

प्राणवायूची गोष्ट किनाऱ्याजवळ वेगळी आहे. खुल्या अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर प्राणवायू जवळजवळ नसलेला जाड थर कायमचा आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या अशा थरांत त्याची गणना होते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात मात्र तुटवडा हंगामी असतो. मान्सून संपताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तळाजवळचा प्राणवायू संपतो आणि तळचे मासे तिथून निघून जातात. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले की हा तुटवडा तीव्र होत आहे आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायूही वाढतो आहे. हे कळले कारण १९९७ पासून गोव्यात कांदोळीसमोरच्या एका ठरावीक जागी, पंचवीस-सव्वीस मीटर पाण्यात, पुन्हा पुन्हा जाऊन नमुने घेतले जातात. एका अंशाच्या चौकोनात कांदोळी दिसतसुद्धा नाही. किनाऱ्यालगतचा हा अरुंद पट्टा, जिथे कोकणातली बहुतेक मासेमारी चालते, प्रारूपाच्या नजरेत खोल समुद्राशी मिसळून जातो.

प्लवकांपासून माशांपर्यंतचा पूल बांधणारी प्रारूपे वेगळी असतात. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध ‘इकोपाथ’. १९८० च्या दशकात हवाईजवळच्या प्रवाळबेटांसाठी जेफ्री पोलोव्हिना यांनी ते रचले आणि डॅनिएल पॉली, व्हिली क्रिस्टेन्सन, कार्ल वॉल्टर्स यांनी वाढवले. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने, म्हणजे सीएमएफआरआयने, कर्नाटक किनाऱ्यासाठी ते वापरले. जगभरच्या अशा प्रारूपांना एकाच हवामानाच्या अंदाजावर चालवून तुलना करणारा ‘फिशएमआयपी’ हा उपक्रम आहे. त्याच्या २०१९ च्या निष्कर्षानुसार तापमानाच्या दर अंशाला समुद्रातल्या प्राण्यांचे एकूण वस्तुमान सुमारे ५ टक्क्यांनी घटते, आणि उत्सर्जन बेसुमार राहिले तर शतकाच्या अखेरीस ही घट १७ टक्क्यांपर्यंत जाते. अन्नसाखळीत वर जावे तशी घट फुगत जाते, असेही ही प्रारूपे सांगतात: तळाशी थोडे कमी, शेंड्याला बरेच कमी.

पण तळाचाच आकडा किती पक्का आहे? लेस्टर क्वियात्कोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये सीएमआयपीच्या दोन फेऱ्यांची तुलना केली. सर्वाधिक उत्सर्जनाच्या परिस्थितीत शतकाअखेर समुद्रातल्या वनस्पतींचे उत्पादन पाचव्या फेरीच्या प्रारूपांनी सरासरी ८.५ टक्के घटणार म्हटले होते. सहाव्या फेरीने म्हटले ३ टक्के, अधिक-उणे ९. म्हणजे प्रारूपे सुधारली, चौकोन बारीक झाले, संगणक मोठे झाले, आणि उत्तर अधिक अनिश्चित झाले. काही प्रारूपे तर वाढ होईल म्हणतात. तापमान, आम्लता आणि प्राणवायू यांच्या बाबतीत मात्र दोन्ही फेऱ्या एकाच दिशेने बोलतात. मोठ्या उत्सर्जनाखाली हिंदी महासागराच्या पाण्याचा सामू आजच्या ८.१ वरून शतकाअखेर ७.७ पर्यंत उतरेल, हे विधान भक्कम आहे. अनिश्चितता जिथे जीव सुरू होतो तिथे सुरू होते.

याचा व्यवहारातला तोटा असा की घट कोणाच्या खात्यावर टाकायची हे ठरत नाही. बुधवार पेठेतून चालत जाण्याच्या अंतरावर गणेश पेठेतला मासळी बाजार आहे. तिथे बांगडा महागला की त्याचे कारण गिऱ्हाईक, विक्रेता आणि वर्तमानपत्र आपापल्या परीने सांगतात. संशोधनातही तसेच आहे. तारली हा मासा पूर्वी प्रामुख्याने केरळ-कर्नाटकाचा, आता त्याचा पसारा उत्तरेकडे वाढला आहे, असे सीएमएफआरआयच्या ई. विवेकानंदन आणि सहकाऱ्यांनी दाखवले. बांगडा खोल जात असल्याचेही त्यांचे निरीक्षण होते: १९८५ ते १९८९ मध्ये पकडलेल्या बांगड्यापैकी सुमारे २ टक्के तळाशी ओढायच्या जाळ्यांत मिळे, २००३ ते २००७ मध्ये सुमारे १५ टक्के. हा तापमानाचा परिणाम असू शकतो. ट्रॉलर वाढल्याचाही असू शकतो. केरळमधली तारली २०१२ मध्ये जवळपास ४ लाख टन होती, २०२१ मध्ये सव्वातीन हजार टनांवर आली, आणि २०२३ मध्ये पुन्हा लाखाच्या वर गेली. एवढा उतार-चढाव तापमानाच्या संथ चढणीतून निघत नाही. त्यात अल निनो आहे, पिल्ले पकडणारी जाळी आहेत, आणि तारलीच्या जातीचा मूळचा लहरीपणा आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न राजकीय आहे. राज्य सरकारने नेमलेल्या सोमवंशी समितीने माशांचा थवाच घेरून पकडणाऱ्या पर्ससीन नौकांची संख्या खूप खाली आणण्याची शिफारस केली, ५ फेब्रुवारी २०१६ ला सरकारने निर्बंधांचा आदेश काढला, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांनी होणारी मासेमारी बंद केली. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यातले भांडण त्यानंतरही चालू आहे. अशा वेळी ‘समुद्र तापला, म्हणून मासे गेले’ हे वाक्य सर्वांच्या सोयीचे होते. त्यात कोणाचा परवाना रद्द करावा लागत नाही. शतकाचा कल सांगणारे प्रारूप एका हंगामाच्या भांडणात साक्षीदार म्हणून उभे करणे चुकीचे आहे, मग ती साक्ष पर्ससीनवाल्यांच्या बाजूने असो वा सरकारच्या. तापणारा समुद्र हे जाळी आवरण्याचे कारण ठरते, सबब ठरत नाही. ज्या साठ्यावर उष्णतेचा ताण आहे त्याला मासेमारीचा ताण कमी सोसतो.

या गोंधळातून वाट काढणारी गोष्ट अगदी साधी आणि कमी पगाराची आहे. २०१० च्या सागरी मत्स्यगणनेनुसार महाराष्ट्रात ४५६ मच्छीमार गावे आणि मासळी उतरवण्याची १५२ केंद्रे होती. सीएमएफआरआयचा क्षेत्रकर्मचारी यांपैकी निवडलेल्या केंद्रावर ठरलेल्या दिवशी उभा राहतो. दुपारी बारा ते सहा तो बंदरात असतो, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा पुन्हा, आणि मधल्या रात्रीचे चौकशी करून लिहितो. होड्या पंधरापेक्षा जास्त नसतील तर सगळ्यांची मासळी नोंदवतो, जास्त असतील तर ठरलेल्या पद्धतीने काही होड्या निवडतो. टोपल्या मोजायच्या, जातवार अंदाज घ्यायचा, कोणते जाळे, किती तास, किती खोल हे तांडेलाला विचारायचे. भर लिलावात, बर्फाच्या पाण्यात उभे राहून, ज्याला बोटीवरून माल उतरवायची घाई आहे अशा माणसाकडून ही माहिती काढायची असते. ‘किती तास’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. मासे किती आले याला अर्थ तेव्हाच येतो जेव्हा ते किती कष्टाने आले हे कळते. समुद्र तापल्याचा परिणाम आणि जाळी वाढल्याचा परिणाम वेगळा करायचा दुसरा मार्ग नाही. या नोंदी त्रिएस्तेच्या बाजारातल्या नोंदींच्या थेट वारस आहेत.

२६ सप्टेंबर २०२४ ला आयआयटीएममध्ये ‘अर्का’ हा ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक सुरू झाला. आधीचा ‘प्रत्यूष’ २०१८ चा, ४ पेटाफ्लॉपचा. चौकोन लहान करायला ही ताकद लागतेच. वादळांचे उदाहरण पुरेसे आहे. याच संस्थेतल्या मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांनी दाखवले की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. वादळ गेले की त्याच्या वाटेवर पाणी घुसळून प्लवकांचा पट्टा उगवतो, आणि मच्छीमारांचे दिवस मात्र बुडतात. अशा घटना एका अंशाच्या चौकोनात पुसट होतात. बारीक चौकोनाने वादळ नीट दिसेल. नॉक्टिल्युका मात्र चौकोन कितीही बारीक केला तरी दिसणार नाही. त्यासाठी कोणीतरी बाटलीत पाणी भरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. महासंगणकाच्या उद्घाटनाला समारंभ होतो. बाटलीला होत नाही, आणि अनुदान संपले की सर्वांत आधी बाटलीच थांबते.

उलट बाजूनेही एक हरकत आहे आणि ती मान्य करायला हवी. नुसत्या नोंदी भविष्य सांगत नाहीत. कांदोळीच्या बाटल्या कितीही भरल्या तरी २०८० च्या तापमानाचे पाणी त्यांत येणार नाही. ‘जर’ विचारण्याचे साधन प्रारूपाशिवाय दुसरे नाही, आणि कुठे मोजायला जावे हेही अनेकदा प्रारूपच सांगते: दहा प्रारूपांची उत्तरे जिथे सर्वांत जास्त फाटतात, तिथे जहाज पाठवावे. छोट्या मुदतीचा उपयोग तर रोजचा आहे. इन्कॉइस समुद्राचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासे मिळण्याची शक्यता असलेल्या पट्ट्यांची सूचना काढते. ती मराठीतही येते आणि बंदरांतल्या फलकांवर, मोबाइलवर पोहोचते. तिथे हिशोब चुकला तर त्याच संध्याकाळी कळते. शतकाच्या प्रारूपाला ती सोय नाही, म्हणून त्याला दुसऱ्या प्रकारची परीक्षा लागते: ज्या दशकांच्या नोंदी आहेत ती दशके त्याने आधी नीट सांगावीत.

अरबी समुद्रासाठी अशा परीक्षेची तारीख काढता येते. समुद्राचा रंग पाहणाऱ्या उपग्रहांची सलग नोंद सप्टेंबर १९९७ मध्ये सुरू झाली, कांदोळीची मोजणीही त्याच वर्षी. हेन्सन यांच्या हिशोबातली ४० वर्षे २०३७ मध्ये भरतात, मधली पाने कोरी राहिली नाहीत तर.